बोरीचा दगड

बंड्या,

गौरीच्या लग्नाला आलो नाही, साधं उत्तरही धाडलं नाही. शिव्या नंतर घाल. शुगर ठीक, गुडघा आहे तसाच. आता मुद्द्याचं: आपला बोरीचा दगड, कुकडीकाठी उचललेली ती आदिमानवाची हातकुऱ्हाड, धुतला गेला.

चिमीचा पोरगा सुट्टीला आलाय. परवा मोरीत बसून त्यानं जुन्या टूथब्रशनं तो लख्ख घासला आणि शाबासकी मागायला घेऊन आला. मुठीत धरायच्या बाजूला, छिलका उडालेल्या खोलगट खुणेत ती करडी-पांढरी पूड वाळून बसली होती, आठवते? गेली मोरीत. ही म्हणते, "मातीच तर होती!" तूच सांग, हिला काय सांगू?

ती कुकडीकाठच्या थरातली ज्वालामुखीची राख होती असं मी मानत आलो. भिंगाखाली फुटक्या बुडबुड्यांसारख्या काचेच्या चिपा दिसल्या असत्या, नाहीतर साधा गाळ निघाला असता. इतकी वर्षं आज बघू, उद्या बघू. टेबलावर कागद दाबायला मात्र रोज वापरला.

वर पोरगा विचारतो, हे किती जुनं? मी सुरू झालो. बोरीच्या राखेचं वय आधी 14 लाख वर्षं निघालं. 1995 साली आर्गॉन मोजून 6 लाख 70 हजार. त्याच सुमारास दुसऱ्यांनी राखेतल्या काचेचं रसायन ताडून पाहून म्हटलं, ही तर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, 75 हजार वर्षांपूर्वीची. नदीनं जुने कण त्यात मिसळले असले तर मोजलेलं वय फुगतं. पोरगं शांतपणे म्हणालं, "म्हणजे आजोबा, तुम्हाला माहीत नाही."

आणि राखेचं वय ठरलं तरी माझ्या दगडाचं काय? तो राखेखालचा, वरचा की पुरानं आणून टाकलेला? तमिळनाडूत अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडी 15 लाखांपर्यंत गेल्या, कारण त्या थरातून, जागा नोंदून काढल्या होत्या. मातीत गाडल्यापासून किती काळ गेला ते दगडातच मोजता आलं. माझी गेली थेट शबनममध्ये. तू ओरडत होतास, "हात लावू नकोस, आधी मोजमाप घे!" मला यष्टीची घाई. आळेफाट्यापर्यंत बोलला नाहीस. तिथे माझ्याच पैशांनी दोन मिसळी हाणल्यास, ते सोड.

तू म्हणशील, पूडही पुरानंच चिकटवली असेल. म्हण. तुझंच बरोबर होतं, लेखी देतोय.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? नाशिकची जागा ताब्यात आली म्हणे, छान.

एकच कर. त्या दिवशी तू दरडीचं चित्र काढत बसला होतास, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत. मी दगड उचलला तेव्हा तुझी पेन्सिल चालूच होती. माळ्यावरून ती वही काढ आणि बघ, दरडीच्या पायथ्याशी कुठे मी वाकलेला दिसतोय का. असलो तर राखेची रेघ माझ्या डोक्यावर आहे की पायाखाली, तेवढं फोनवर सांग.

तुझा,
सुध्या