इलेक्ट्रॉनचा भोवरा थांबवावा

संपादक महोदय,

विज्ञानविषयक लेखांत आणि शिकवणी वर्गांतही इलेक्ट्रॉनच्या स्पिन या अंगभूत गुणधर्माचे वर्णन ‘स्वतःभोवती फिरणारा चिमुकला भोवरा’ असे सर्रास केले जाते, म्हणून हे पत्र. या चित्राला धक्का फार पूर्वीच बसला आहे. १९२५ मध्ये लायडनच्या उलेनबेक व गाउडस्मिट या तरुणांनी स्पिनची कल्पना मांडली, तेव्हा इलेक्ट्रॉन खरोखरच फिरणारा गोल मानल्यास त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशवेगाहून कितीतरी अधिक भरतो, हे ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झ यांनी दाखवून दिले. उलेनबेक निबंध मागे घ्यायला निघाले. पण मार्गदर्शक एरेनफेस्ट यांनी तो आधीच धाडून दिला होता, हे विज्ञानाचे सुदैवच!

भोवऱ्याचा वेग कमी होत जातो. इलेक्ट्रॉनचा स्पिन मात्र सदैव १/२ (क्वांटम भौतिकीतील ħ या एककात) राहतो आणि कोणत्याही दिशेने मोजला तरी उत्तरे दोनच मिळतात. १९२२ मध्ये फ्रँकफर्टला श्टर्न व गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम (जागोजागी कमी-जास्त तीव्रतेच्या) चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तेव्हा तो सलग न पसरता दोन भागांत विभागला गेला. त्यामागे अणूतील इलेक्ट्रॉनचा स्पिन आहे, हे मात्र नंतर उमगले. शिवाय ३६० अंशांच्या फेऱ्यानंतर इलेक्ट्रॉनच्या तरंगफलनाचे (त्याची अवस्था सांगणाऱ्या गणिती राशीचे) चिन्ह उलटते आणि ते पूर्ववत होण्यास ७२० अंश लागतात, याची संगती भोवऱ्याने मुळीच लागत नाही.

स्पिन हा कोनीय संवेग (फिरण्याशी निगडित राशी) आहेच, परंतु तो वस्तुमान व विद्युतभाराप्रमाणे इलेक्ट्रॉनला अंगभूत आहे. शिक्षकांना भोवरा दाखवायचाच असेल, तर लोरेंट्झ यांचा आक्षेपही त्याच तासाला सांगावा, ही विनंती.

— भौतिकशास्त्राचे एक निवृत्त अध्यापक, सांगली