लेव्हल टू सुरू केलेल्या मित्राला

प्रिय संकेत,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला, व्हॉट्सअ‍ॅपवरच उत्तर द्यायला घेतलं पण ते लांबतच गेलं म्हणून सरळ मेल लिहितोय. सीएफएच्या (गुंतवणूक क्षेत्रातली तीन लेव्हलची परीक्षा) लेव्हल वनच्या रिपोर्टमध्ये तुझी रेघ पासिंगच्या रेघेच्या कितीतरी वर होती, घरी पेढे वाटले, काकांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले (आणि त्यातल्या निम्म्यांनी विचारलं असणार, म्हणजे सीए ना?), आणि आता लेव्हल टूचं मल्टिनॅशनल ऑपरेशन्सचं रीडिंग (परदेशी सबसिडिअरीचे हिशोब पेरेंट कंपनीच्या करन्सीत आणायचा धडा) परत परत वाचून पण प्रश्न चुकतायत, तर सीएफए आपल्या आवाक्यातलं आहे का असं तू विचारतोयस. आहे रे. लेव्हल वनने दिलेला कॉन्फिडन्स लेव्हल टूला पुरत नाही, तो परत नव्याने कमवावा लागतो, आणि हे जवळपास सगळ्यांचंच होतं.

लेव्हल वनला आपण नक्की काय केलं ते आठव. १८० प्रश्न, सव्वादोन तासांची दोन सेशन्स, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. तीन पर्याय, निगेटिव्ह मार्किंग नाही. सिलॅबस अफाट असतो हे खरंच, पण प्रश्न सुटा असतो, फिफो विचारलंय की बाँडची ड्युरेशन हे पहिल्याच ओळीत कळतं आणि बरोबर उत्तर तिथेच तीन पर्यायांत बसलेलं असतं, आपण ते ओळखायचं. तू कॉमर्सवाला, अकाउंट्स तुझ्या हातातलं, बीए टू प्लस कॅल्क्युलेटरवर तुझी बोटं न बघता चालतात, त्यामुळे ओळखण्याचा स्पीड तुझा जबरदस्त होता. ती खरी कमाई आहे, तिला नशीब म्हणू नकोस.

आता लेव्हल टू बघ. ८८ प्रश्न फक्त, २२ केसेस, एका केसवर चार प्रश्न. हिशोबाने प्रश्नाला तीन मिनिटं येतात म्हणून ऐकायला निवांत वाटतं, पण त्यातच ती केस वाचायची, टेबलं बघायची, तळटीप शोधायची. तुझंच रीडिंग घे, करन्सी बदलायच्या दोन मेथड. करंट रेट मेथडमध्ये सगळ्या अ‍ॅसेट्स-लायबिलिटीज आजच्या रेटने, टेम्पोरलमध्ये मॉनेटरी आयटम (रोख, येणी-देणी) आजच्या रेटने आणि इन्व्हेंटरी, मशिनरी खरेदीच्या वेळच्या जुन्या रेटने, हे तुला झोपेत विचारलं तरी येईल. पण केसमध्ये कुणी सांगतच नाही की आता टेम्पोरल वापर. तिथे एवढंच लिहिलेलं असतं की सबसिडिअरी माल पेरेंटकडूनच घेते, विकते पेरेंटच्याच करन्सीत, कर्जही पेरेंटकडूनच आहे, आणि यावरून फंक्शनल करन्सी (सबसिडिअरीचा धंदा मुख्यतः ज्या करन्सीत चालतो ती) कुठली हे तू ठरवायचं, मग मेथड, मग रेट, मग विचारणार ग्रॉस मार्जिन कुठल्या मेथडने जास्त दिसेल. पहिला निर्णय हुकला की त्या केसमधले दोन-तीन प्रश्न एकदम जातात. चुकीचं उत्तरही पर्यायांत छान मांडून ठेवलेलं असतं, त्यामुळे आपण चुकलोय हे जाणवत पण नाही. पेन्शनच्या धड्याला हेच, रेसिड्युअल इन्कमच्या धड्याला हेच. म्हणून वाचून समजलं असं वाटतं आणि सोडवायला बसलं की सुटत नाही, तुझं नेमकं हेच चाललंय.

तू पासिंगचे आकडे पाठवलेस ना, त्याबद्दल माझं मत वेगळं आहे. ऑगस्ट २०२४ ला लेव्हल वन ४४ टक्के, टू ४७, थ्री ४८. यावरून तुझा क्लासमेट म्हणतो की पुढे पुढे सोपं होत जातं. अरे पण लेव्हल टूला बसतो तो प्रत्येक जण लेव्हल वन पास झालेला असतो, बिनतयारीचे तिथपर्यंत पोचतच नाहीत. त्या गाळलेल्या लोकांतसुद्धा निम्म्याहून जास्त नापास होतात, असा वाच तो आकडा. आणि जुलै २०२१ ला लेव्हल वनच २२ टक्क्यांवर आली होती, म्हणजे एका आकड्यावरून उड्याही मारू नकोस आणि घाबरूही नकोस.

माझा सल्ला विचारशील तर रीडिंग परत वाचणं बंद कर. परत वाचलं की ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं, ओव्हरकॉन्फिडन्स बायसमध्ये इल्युजन ऑफ नॉलेज पाठ केलं होतंस ना, तेच हे. रोज ऑफिसच्या आधी एक पूर्ण केस सोडव, बारा मिनिटं लावून, आणि चुकल्यावर फॉर्म्युला लिहू नकोस, कुठलं वाक्य वाचून तू चुकीच्या वाटेला गेलास ते वाक्य लिहून ठेव. माझी अशी अख्खी वही भरली होती, आणि लेव्हल टूच्या शेवटच्या महिन्यात मला जो काही धीर होता तो त्या वहीचा होता. एथिक्सचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस, काठावरच्या लोकांचा निकाल एथिक्सच्या मार्कांवर फिरू शकतो.

माझं विचारलंस म्हणून सांगतो. लेव्हल थ्री देऊन झाली, रिझल्ट यायचाय. तिथे अर्धा पेपर पर्यायांचा आणि अर्धा स्वतः टाइप करायचा, आणि आपण मराठी मीडियमवाले, मला त्या लिहिण्याचीच जास्त धास्ती होती. पण तिथे निबंध नकोच असतो. क्लायंटची रिस्क घ्यायची क्षमता सरासरीपेक्षा कमी की जास्त ते ठरव आणि दोन कारणं दे, असं विचारतात, तर दोन तुटक वाक्यं पुरतात, आणि दोन मागितल्यावर चार लिहिली तर पहिली दोनच तपासतात. अवघड हे, की समोर पर्याय नसतो, त्यामुळे लिहिलेलं बरोबर की चूक याचा काही अंदाजच लागत नाही. तयारी माझी आजवरची सगळ्यात पक्की होती आणि बाहेर पडताना खात्री सगळ्यात कमी. लेव्हल वनला उलट होतं. त्यामुळे तू आत्ता घाबरलायस याची मला फारशी काळजी वाटत नाही, आता कुठे तुला पेपर नीट दिसायला लागलाय.

फी भरलीयस तर आता डेट पुढे ढकलू नकोस. शनिवारी संध्याकाळी मी रिकामा आहे, मल्टिनॅशनलच्या तुझ्या चुकलेल्या दोन केसेस फोटो काढून पाठव, मी आधी स्वतः सोडवून ठेवतो आणि मग फोनवर बसू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मंदार