तीन नंबरचा सिलिंडर शोधून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

“माझं नाव कुठे लिहू नको,” म्हणालात, म्हणून तुमचं नाव लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. जुन्या गाड्या चालवणाऱ्या सगळ्यांना तुमची तपासणीची पद्धत कळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आमची गाडी म्हणजे 1998 चा ट्रक. सहा सिलिंडर, इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या पाइपने डिझेल दाबून देणारा), इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. लासलगावहून वाशीला कांदा नेते. सकाळी स्टार्ट केली की स्लोला (रेस न देता) सगळी केबिन थरथरायची, सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा आणि कच्च्या डिझेलच्या वासाने डोळे चुरचुरायचे. रेस दिली की बरीचशी सरळ व्हायची, पण परतीचा माल घेऊन कसारा घाट चढताना जीव नसायचा. आधी जिथे दाखवली तिथे पंप उतरवा, हेड (सिलिंडरवरचं झाकण) खोला, इंजिनाचं काम काढा, एवढंच ऐकायला मिळालं. खर्चाचा आकडा ऐकून वडील गाडी विकायचं बोलू लागले होते.

तुम्ही पाना उचलायच्या आधी गाडी रात्रभर उभी ठेवायला लावलीत आणि सकाळी थंड इंजिन स्वतः स्टार्ट करून ऐकलंत. “धूर पांढरा आहे. डिझेल आत जातंय, पण जळत नाही. निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं,” एवढंच बोललात. मग स्लोवर चालू इंजिनात पंपाकडून नोझलला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाला) जाणाऱ्या हाय प्रेशर पाइपचा एकेक नट जरासा ढिला करत गेलात. नट ढिला झाला की त्या नोझलला दाब मिळत नाही, तो सिलिंडर बंद पडतो. एक नंबरला इंजिन बसलं (जोर कमी झाला), दोनला बसलं. तीनला काही फरकच नाही! चार, पाच, सहाला पुन्हा बसलं. “जो कामच करत नाही, तो बंद केला काय नि चालू ठेवला काय,” असं म्हणून तुम्ही तीन नंबरवर खडूने खूण केलीत.

मी वाकून बघायला लागलो तेव्हा माझा हात बाजूला सारलात, तेही विसरणार नाही. त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत घुसते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीवर हा प्रयोग कधीच करायचा नाही, तिथे दाब 1000 बारच्या वर जातो, हेही तुम्ही दोनदा बजावलंत.

पुढची पायरी मला सगळ्यांत आवडली. तीनचा नोझल पाचला आणि पाचचा तीनला लावलात, खाली नवे तांब्याचे वॉशर घालून. आता पाच नंबर मेला आणि तीन चालू झाला. खोट तीनवरच राहिली असती तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब), व्हॉल्व्ह किंवा पंप बघावा लागला असता. ती नोझलबरोबर सरकली आणि हेड खोलायचा प्रश्नच मिटला. हजारो रुपयांचं काम त्या अदलाबदलीने वाचलं, काका.

टेस्टरवर मला जवळ उभं करून दाखवलंत. आमच्या इंजिनाचा नोझल साधारण 200 बारला उघडून धुक्यासारखा फवारा मारायला हवा. आमचा नुसता ठिबकत होता, टोकाला थेंब लोंबत होता. बाकीचे पाचही तपासलेत आणि “हे चांगले आहेत, यांना हात लावायचा नाही,” म्हणून तसेच परत बसवलेत. बिलात एकाच नोझलचे पैसे लावलेत.

एवढ्यावर गाडी ताब्यात दिली असतीत तरी मी खूश होऊन गेलो असतो. पण सकाळची पहिली काही मिनिटं ती अजून वरखाली होत होती, आणि तुम्हाला ते पटेना. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळी जोडलीत, तर डिझेलमधून बुडबुडे धावत होते. टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लिपच्या खाली चिरला होता. खाली डिझेलचा एक थेंबही नव्हता. सक्शनच्या बाजूला डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, हे तेव्हा कळलं. नवा पाइप घातलात, हँड प्रायमर (हाताने दाबायचा पंप) मारून सगळी एअर काढलीत, आणि दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या सेल्फला उठून एका लयीत चालू लागली. वडील बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ तिथेच उभे होते.

टॅपेट (व्हॉल्व्हवरचा गॅप) तपासताना शिकवलेलंही मी वहीत लिहून ठेवलंय: फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-5-3-6-2-4, सहाचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र हलत असताना एकचा गॅप मोजायचा, दोनचे हलताना पाचचा, चारचे हलताना तीनचा, आणि मग उलट, म्हणजे एकचे हलताना सहाचा असं.

गाडी विकायचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. दिवाळीनंतर टॅपेट दाखवायला येतो. वडीलही बरोबर येणार आहेत, त्यांना तुम्हाला स्वतः भेटायचंय. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा ऋणी,
लासलगावचा गाडीवाला