गाडीचा फॉर्म भरण्याआधी

कॉव्हेंट्री, २४ मे

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

तुझी कंपनी तुला लीजवर गाडी देणार, तिच्या यादीतल्या गाड्यांचे फोटो मिळाले. नऊपैकी सात फोटो त्या काळ्या छताच्या लाल एसयूव्हीचे, तेव्हा मन कुठे अडकलंय ते कळलं. देखणी आहेच ती. पण घोडबंदर रोडवरून ऐरोलीला रोज न्यायची, तर फॉर्मवर सही करण्याआधी हे वाच.

तू विकत घेतल्यासारखा मायलेज विचारतोयस. पेट्रोलचा खर्च तुझ्या कंपनीचा, तो घोर तिला लागू दे. तुझा जीव खाणार तो गिअरबॉक्स. यादीत डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, लिहिलंय; ती ड्राय, म्हणजे तेलाबाहेरच्या कोरड्या क्लचची आहे का ते विचार. मोकळ्या रस्त्यावर तिच्यासारखी दुसरी नाही. पण कापूरबावडी-माजिवड्याच्या रांगेत गाडी चालण्याच्या वेगाने सरकते, तेव्हा क्लच पुरता जुळत नाही. अर्धवट घासत राहतो आणि तापतो. त्यातून उड्डाणपुलाच्या चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरली, की डॅशबोर्डवर तापल्याचा इशारा आलाच म्हणून समज. एएमटीचाही (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर यंत्र बदलतं) क्लच कोरडाच, वर झटके वेगळे. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये ती घसरण तेलात होते आणि उष्णता तेलाबरोबर कूलरकडे जाते, म्हणून तुझ्या रस्त्याला तोच घे. नसेल तर सीव्हीटी, म्हणजे पायऱ्यांचे गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स. जोरात दाबली की घुमते, पण रांगेत शांत. डीसीटीच पदरात पडली, तर पुढच्या गाडीला एक गाडीभर जाऊ दे, मग ब्रेक सोडून सलग पुढे जा. इंचाइंचाने सरकू नकोस.

रुबाबासाठी वरच्या व्हेरियंटला मोठी चाकं देतात. २१५/६० आर१६ टायरची बाजू १२९ मिमी उंच असते, २१५/५५ आर१७ ची ११८. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच, कमी होते ती रबराची उशी. खड्ड्याची कड बसली की टायरच्या बाजूला फुगा येतो, म्हणजे आतले धागे तुटलेले असतात. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायर बदलायचाच. मधलं व्हेरियंट १६ इंची घे आणि हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भर.

सोसायटीतल्या स्टॅक पार्किंगच्या (एकावर एक गाड्या ठेवतात त्या) खांबावर उंची, रुंदी आणि वजनाची पाटी असते. ब्रोशरमधली उंची रूफ रेलसह, म्हणजे छतावरच्या दांड्या धरून, आहे का ते बघ. रुंदी मात्र बहुधा आरसे सोडून दिलेली असते. शोरूममध्ये टेप घेऊन जा, लाजू नकोस. मागे उतरत्या छताची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: मागची काच चिंचोळी होते आणि मागच्या दाराची चौकट ठेंगणी. मागे वायपर आहे का तेही बघ. नसेल, तर पावसाळ्यात मागचं बघायला कॅमेऱ्यावरच भिस्त; त्याचं भिंग पुसायला दाराच्या कप्प्यात फडकं लागेल.

सनरूफ हवंच असेल तर त्याच्या नळ्या सांभाळ. चौकटीभोवती पाणी येणारच, ते कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. झाडाखाली उभ्या गाडीत पानं-माती साचून त्या तुंबतात, मग छताच्या कापडावर डाग, पायाखालची मॅट ओली आणि कुबट वास. जूनआधी कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओत. चाकाजवळ ठिबकलं तर ठीक. नाहीतर मऊ नायलॉनची दोरी अलगद आत सरकव. कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नकोस, आतला सांधा निसटतो आणि पाणी थेट केबिनमध्ये येतं.

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं असेल तर कळव्यावरून जाऊ नकोस, मुलुंड-ऐरोली पुलाने जा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. कंपनीच्या पॉलिसीत ते आहे का, हे ॲडमिनकडून ईमेलवर लिहून घे. तोंडी ‘हो हो’ जुलैत कामाला येत नाही.

इकडे ब्रिटनमध्ये कंपनीच्या गाडीवरचा कर तिच्या छापील किमतीच्या टक्क्यात धरतात आणि टक्का धुरावर ठरतो: २०२५-२६ साठी इलेक्ट्रिकला ३, वरचा टप्पा ३७. त्यामुळे लोक आधी तक्ता बघतात, मग रंग. आपल्याकडे कर धरताना ऑफिस आणि घर दोन्हीला वापरायच्या गाडीचं इंजिन १.६ लिटरच्या आत की बाहेर, हे बघतात; तू आतच आहेस.

आरसी कंपनीच्या नावावर, तेव्हा ई-चलनाचा मेसेज तुला येईलच असं नाही. गाडीचा नंबर आणि चॅसिस नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून दर महिन्याला स्वतः बघत जा. ताबा घेताना चारही चाकांचे, बंपरच्या खालच्या कडेचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढ. लीज संपताना ओरखड्यांचं बिल लागतं, तेव्हा हेच दाखवायचे.

टेस्ट ड्राइव्हला वहिनींना घेऊन जा आणि मागे बसव. डोकं न वाकवता आणि गुडघा न दुखता त्या दोनदा आत-बाहेर करू शकल्या, तर लाल गाडीला माझी हरकत नाही. पार्किंगच्या पाटीचा फोटो तेवढा गुरुवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका