छिद्राला डाग देण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची गोल वाटी आढळली, तर ती फुटकी समजून कृपया छिद्राला डाग देऊ नये किंवा ती मोडीत घालू नये. ते घटिकापात्र, म्हणजे पाण्यावर वेळ मोजण्याचे जुने साधन, असू शकते. पाण्यावर ठेवल्यावर छिद्रातून पाणी आत शिरून हे पात्र २४ मिनिटांत, म्हणजे एका घटकेत, बुडते आणि अशा ६० घटकांचा अहोरात्र होतो. लग्नाचे मुहूर्तही यावरच साधले जात. छिद्र तळाच्या मधोमध असेल, तर वाटी पाण्यावर सोडून घड्याळ लावून पाहावे. छिद्रात मळ साचला असल्यास वेळ वाढतो, पण म्हणून ते टोकरून मोठे करू नये. वस्तुसंग्रहालयातील जाणकारांना ती आहे तशीच दाखवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, पुणे