कासवांच्या गावी पाहुणे घरातच उतरावेत

माननीय संपादक,

मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे गाव आज ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांमुळे ओळखले जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साथीने तेथे कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे कासव महोत्सव भरू लागला आणि गावात हॉटेल नसल्याने पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरू लागले. ओटी-पडवीवर अंथरुणे, घरच्यांसारखेच साधे जेवण आणि सकाळी किनाऱ्यावर पिल्ले सोडताना पाहणे, एवढ्यासाठी लोक मुंबई-पुण्याहून येतात.

अशा गावांत किनाऱ्यालगत मोठी रिसॉर्ट हवीत, असे अनेक पर्यटक बोलून दाखवतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. वाळूतून वर आलेले पिल्लू उजेडाच्या दिशेने जाते. अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राकडील क्षितिज अधिक उजळ असल्याने ते पाण्यात पोहोचते, पण मागे दिवे झगमगत असतील तर ते जमिनीकडे वळते आणि मरते. अंडी घालायला येणारी मादीही उजेड आणि वर्दळ पाहून परत फिरते. शिवाय पूर्वी जी अंडी खाण्यासाठी वा विकण्यासाठी उकरून नेली जात, ती राखण्यात आज गावाला आपला लाभ दिसतो, याचे एक मोठे कारण पाहुण्यांचा पैसा थेट घराघरांत येतो हे आहे. रिसॉर्ट आले तर चुलीपाशी राबणाऱ्या बाईच्या हाती त्यातले फारसे काही लागणार नाही.

मात्र या घरांना वाऱ्यावर सोडूनही चालणार नाही. महोत्सवाचा काळ हा नेमका विहिरींचे पाणी खाली जाण्याचा काळ असतो, आणि चार माणसांसाठी बांधलेल्या शौचालयावर शनिवार-रविवारी वीस जणांचा भार पडतो. म्हणून घरात पाहुणे ठेवण्यासाठीच्या पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेची नोंदणी ग्रामपंचायतीतच शिबिर घेऊन करावी, शौचालय आणि शोषखड्ड्यासाठी अनुदान द्यावे आणि एका रात्री गावात किती पाहुणे घ्यायचे हे ग्रामसभेने ठरवावे.

पाहुण्यांनीही आधी फोन करूनच निघावे. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि ती नेमकी कोणत्या दिवशी येतील हे कोणीही सांगू शकत नाही. पिल्ले दिसली नाहीत म्हणून यजमानांशी पैशांवरून हुज्जत घालणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. आंजर्ले, गुहागर येथेही कासवे येतात, तेव्हा पर्यटन विभागाने पुढील हंगामापूर्वी या सर्व गावांसाठी मिळून हे नियम जाहीर करावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, दापोली