कशावर काय अडलंय, ते आधी बघ

रत्नागिरी

चि. मुक्ता,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की 'स्वयम' या सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये आता नुसत्या व्याख्या आणि कुठलं काम कुणासाठी थांबतं ते दाखवणारे चौकोन-बाण सुरू झालेत, आणि नोकरी सांभाळून 12 आठवडे हे रेटण्यात काही अर्थ आहे का, असं तुला वाटायला लागलंय. तेव्हा मी फार बोलले नाही. हे कागदावर आकडे मांडूनच सांगायला हवं होतं. कोर्स सोडू नकोस मुक्ता. तुला ज्या चौकोन-बाणांचा कंटाळा आलाय, त्यातच या विषयाचा जीव आहे. आयुष्यभर साइटवर काम केलेली बाई हे सांगते आहे, म्हणून जरा सावकाश वाच.

आमच्याकडे स्लॅब कसा पडतो ते तू लहानपणी कितीदा पाहिलंस. आधी सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्या-टेकूंचा साचा लागतो. मग फिटर सळई बांधतो. मग इलेक्ट्रिशियन त्या सळईत वायरिंगचे पाइप आणि पंख्यांचे बॉक्स बसवतो. मग तपासणी होते आणि मगच काँक्रीट. यात इलेक्ट्रिशियनचं काम अर्ध्या दिवसाचं, बिलही छोटं. पण तो आला नाही तर मिक्सर, मजूर, वाळू, सिमेंट सगळं तयार असून स्लॅब थांबतो. आणि काँक्रीट पडल्यावर तरी घाई करता येते का? आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात लिहिलंय की खांबाच्या उभ्या फळ्या 16 ते 24 तासांनी काढता येतात, पण स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस ठेवावेच लागतात. टेकू उभे असेपर्यंत खालच्या मजल्यावरचं विटांचं काम आणि प्लास्टर अडतं. मालकाने कितीही तगादा लावला तरी त्यातला एक दिवस कमी होत नाही. हे ज्याला कळतं तो इलेक्ट्रिशियनला दोन दिवस आधी फोन करतो. ज्याला कळत नाही तो स्लॅबच्या सकाळी गवंड्यावर ओरडत बसतो.

एकमेकांवर अडलेल्या कामांची जी सगळ्यांत लांब साखळी पूर्ण कामाचा वेळ ठरवते, तिलाच तुझ्या कोर्समध्ये क्रिटिकल पाथ म्हणतात. 1957 च्या सुमारास ड्यूपॉन्ट या रसायनांच्या कंपनीत ही पद्धत आकाराला आली. कारखाने बांधण्यात आणि दुरुस्तीसाठी ते बंद ठेवण्यात किती वेळ जातो, हा त्यांचा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी, कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज बांधायची पर्ट पद्धत तयार केली. परीक्षेपुरती ही सालं पाठ कर, त्यात मी वेळ घालवत नाही. मला तुझ्या कामाकडे यायचंय.

अमरावतीच्या तुमच्या संस्थेला शाळांमध्ये वाचनालयं उभी करायची आहेत आणि शाळा सुरू व्हायच्या आत ती तयार हवीत. उन्हामुळे विदर्भात शाळा जूनच्या उत्तरार्धात सुरू होतात, म्हणजे आमच्यापेक्षा तुम्हाला थोडे दिवस जास्त मिळतात. तू मला तारखांचा तक्ता पाठवलास. छान रंगवलेला आहे, पण कोणतं काम कोणासाठी थांबलंय हे त्यात कुठेच दिसत नाही. म्हणून एकाच शाळेचं घे. परवानगीला समजा 15 दिवस. ती मिळाली की खोलीची मापं घ्यायला 2. मापं मिळाली की सुताराला कपाटांसाठी 19, बसवायला 3, आणि शेवटी पुस्तकं लावून नोंदी करायला 4. बेरीज 43 दिवस, हाच तुझा क्रिटिकल पाथ. दुसऱ्या बाजूला पुस्तकं निवडायला 10 आणि मागवून हातात यायला 20, म्हणजे 30. हे काम पहिल्या दिवसापासून सुरू करता येतं, आणि पुस्तकांची गरज लागते 39 दिवसांनी. म्हणजे पुस्तकांना 9 दिवसांची सवड आहे, त्यालाच तुमचे सर फ्लोट म्हणतात. रंगकामाला 5 दिवस लागत असतील, तर ते परवानगी मिळाल्यापासून कपाटं येईपर्यंत कधीही उरकता येतं. तिथे सवड 16 दिवसांची.

आता बघ. तू गेले दोन आठवडे पुस्तकवाल्यांच्या मागे लागली आहेस. त्यांनी 5 दिवस आधी पुस्तकं दिली तरी वाचनालय एक दिवसही लवकर उघडणार नाही. परवानगीची फाइल मात्र 5 दिवस आधी हलली तर सगळं काम 5 दिवस अलीकडे येतं. दिवसाचा पहिला फोन कुणाला करायचा, हे त्या चौकोन-बाणांनी सांगितलं. इतकं कामाचं उत्तर मला तरी दुसऱ्या कुठल्या पद्धतीत मिळालेलं नाही.

कोकण रेल्वेचंच घे. 1990 मध्ये महामंडळ झालं आणि पाच वर्षांत गाडी सोडायची असं ठरलं होतं. आपल्या इथला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा झाला, पानवलचा उंच पूल झाला, पण गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात खडकाऐवजी पाण्याने भिजलेली मऊ माती लागली आणि ती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली. रोह्यापासून मंगळूरपर्यंतची सलग वाहतूक 26 जानेवारी 1998 ला सुरू झाली. सातशेहून जास्त किलोमीटरचा मार्ग, आणि शेवटी सगळ्यांचे डोळे त्या एका बोगद्याकडे. मी आमच्या नव्या पोरांना नेहमी विचारते, तुमच्या कामातलं पेडणं कुठलं? तू तुझ्या प्रत्येक शाळेसाठी ते शोध. एका शाळेत परवानगी असेल, दुसरीत खोलीचं गळकं छप्पर असेल.

सुताराचे 19 दिवस मी कुठून आणले, तेही सांगते. तू म्हणालीस सुतार 16 दिवस म्हणतो. त्याला तीन प्रश्न विचार: सगळं सुरळीत झालं तर किती, नेहमी किती लागतात, आणि वाईटात वाईट किती. समज तो 10, 16 आणि 40 म्हणाला. पर्टच्या सूत्राने मधल्या आकड्याची चौपट करायची, तिन्ही मिळवायचे आणि 6 ने भागायचं. 10 अधिक 64 अधिक 40 म्हणजे 114, भागिले 6 म्हणजे 19. आणि 40 मधून 10 वजा करून 6 ने भागलं की 5 येतात, तेवढं मागेपुढे होईल असं धरून चालायचं. सूत्र सोपं आहे, पण माझ्या मते खरा उपयोग तिसऱ्या प्रश्नाचा. '40 का रे बाबा?' असं विचारलंस की तो सांगेल, प्लायवूड नागपूरहून येतं किंवा त्याच्याकडे रंधा मारणारा एकच माणूस आहे. ही माहिती तुला कुठल्याही तक्त्यात मिळणार नाही.

स्कोपचा, म्हणजे कामाची व्याप्ती ठरवण्याचा आठवडा तू दीडच्या वेगाने पाहिलास म्हणालीस. तो पुन्हा पाहा. आमच्याकडे घरमालक निम्मं बांधकाम झाल्यावर म्हणतो, 'एक देवघर काढू या का इथे?' तेव्हा हो किंवा नाही म्हणण्याआधी मी कागद काढते: किती दिवस वाढतील, किती पैसे वाढतील, आणि खाली सही. तुलाही कुणी मुख्याध्यापक म्हणतील की वाचनालयाबरोबर दोन संगणकही द्या. मागणी रास्तच असेल, त्यांच्या मुलांसाठीच मागतायत. पण आपण काय देणार याच्या शेजारी काय देणार नाही हेही पहिल्याच भेटीत लिहून दिलंस, तर पुढे कुणाचं मन मोडावं लागत नाही. कामाचे तुकडे पाडतानाही असंच. 'फर्निचर बघणे' असं लिहू नकोस. 'कपाटं बसली, कुलपं चालतात, चावी शाळेकडे दिली' असं लिही, आणि प्रत्येक तुकड्यापुढे एकाच माणसाचं नाव. दोन नावं असली की ते काम कुणाचंच नसतं.

धोक्यांची यादी, म्हणजे कोर्समधलं रिस्क रजिस्टर, तीही गुणांपुरती करू नकोस. स्लॅबच्या दिवशी मी साइटवर गेले की आधी व्हायब्रेटर, म्हणजे ओलं काँक्रीट हलवून नीट बसवणारी यंत्रं मोजते. एक चालवायला, एक राखीव. काँक्रीट मध्येच थांबलं तर जुन्या-नव्याचा जोड कच्चा राहतो आणि पुढे तिथून पाणी झिरपतं. म्हणून व्हायब्रेटरची जादा नीडल, डिझेलचा भरलेला कॅन, आणि आभाळ असेल तर ताडपत्री. काय बिघडू शकतं, बिघडलं तर केवढ्याला पडेल, आणि आज काय करून ठेवलं तर निभेल, एवढंच त्या रजिस्टरमध्ये असतं. तुझ्या कामात मला दिसणारा मोठा धोका मे महिन्याचा आहे. शाळा बंद, खोलीची चावी मुख्याध्यापकांकडे, आणि ते सुट्टीला गावी. रंगारी दारात येऊन परत जाईल. एप्रिल संपायच्या आत प्रत्येक शाळेत दुसरी चावी कुणाकडे असेल ते ठरवून घे. शिक्षकांचं प्रशिक्षणही सुट्टीआधीच उरक.

पुढे अजाइलचा, म्हणजे थोडं थोडं करून, लोकांना विचारून पुढचं ठरवण्याच्या पद्धतीचा भाग येईल. आमच्या धंद्यात त्याला फारशी जागा नाही, अर्धा स्लॅब टाकून लोकांना कसा वाटला विचारता येत नाही. तुझ्याकडे मात्र येईल. आधी दोन शाळांत पुस्तकं ठेव, मुलं कुठली उचलतात ते बघ, आणि मग बाकीच्यांची यादी पक्की कर. पुस्तकांना सवड आहे हे आपण वर पाहिलंच, तेव्हा हा प्रयोग तुला परवडतो.

परीक्षेचंही डोक्यात ठेव. असाइनमेंटला 25 गुण आणि केंद्रावरच्या परीक्षेला 75. 12 आठवड्यांपैकी सर्वांत चांगल्या 8 असाइनमेंट धरतात, त्यामुळे एखादा आठवडा दौऱ्यात गेला तर घाबरू नकोस. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30 असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात. व्हिडिओ फुकट आहेत म्हणून पुढे ढकलत बसू नकोस, परीक्षेची नोंदणी करून टाक आणि अमरावतीच्या जवळचं केंद्र निवड.

आता मार्चअखेर येतेय. शिक्षण विभागात सगळे हिशेबात बुडालेले असतील आणि तुझी फाइल खाली जाईल. परवानगीचं पत्र घेऊन या सोमवारीच स्वतः जा, कुणाच्या हाती पाठवू नकोस. आणि एका शाळेचं ते चौकोन-बाणांचं चित्र साध्या कागदावर पेन्सिलीने काढून मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठव. रविवारी साइटला सुट्टी आहे, आपण फोनवर एकेक बाण तपासू.

बाबा आणि आजी बरे आहेत. उन्हात हिंडताना पाण्याची बाटली जवळ ठेव.

तुझी,
आई